सफाई नेमकी कुठे तुंबते?

त्वचेची पेशी जुनी झाली की गळून पडते आणि तिची जागा नवी घेते. चेतापेशीला ही सोय नाही. ती विभागत नाही, त्यामुळे आत साठलेली मोडकी प्रथिने दोन पेशींत वाटली जाऊन विरळही होत नाहीत. त्यातच काही चेतापेशींचा तंतू कण्यापासून पावलापर्यंत, जवळजवळ मीटरभर लांब असतो. टोकाचा कचरा तिथून पेशीच्या मुख्य भागाकडे आणावा लागतो, कारण तो पचवणाऱ्या विकरांच्या पिशव्या, म्हणजे लायसोसोम, मुख्यतः तिथे असतात. पेशीने स्वतःचाच कचरा पचवण्याच्या या क्रियेला ख्रिस्तियान द दुव यांनी १९६३ मध्ये ‘ऑटोफॅजी’ हे नाव दिले. ती चालवणारी जनुके योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये शोधली आणि २०१६ चे नोबेल मिळवले.

पार्किन्सन, अल्झायमर या रोगांत मेंदूत प्रथिनांच्या गुठळ्या दिसतात, म्हणून दोष गुठळीला दिला जातो. माझ्या मते पुष्कळदा आधी सफाई बिघडते. २००६ मध्ये जपानी संशोधकांच्या दोन गटांनी उंदरांच्या केवळ चेतासंस्थेच्या पेशींतून ऑटोफॅजीचे एकेक जनुक काढून टाकले. रोगकारक प्रथिन बाहेरून घातले नव्हते, तरी गुठळ्या झाल्या, चाल बिघडली, पेशी मेल्या. माणसात सफाई अशी पूर्ण बंद कुठे पडते, हा आक्षेप रास्त आहे. पण माणसाची जनुकेही तेच सांगतात. बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांवर, खूण करून त्यांना सफाईकडे धाडणारी पिंक-१ आणि पार्किन ही जनुके सदोष असली, तर तरुण वयातच पार्किन्सन होऊ शकतो. लायसोसोमच्या एका विकराच्या जीबीए-१ या जनुकाची एक प्रत जरी सदोष असली, तरी धोका वाढतो.

परभणीहून मानवतकडे जाताना लागणाऱ्या पेडगावसारख्या गावात हा विषय परका वाटू नये. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात निंदणीला मजूर मिळेनात तसा तणनाशकांचा फवारा वाढला. त्यांपैकी पॅराक्वाट पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू तयार करते आणि मायटोकॉन्ड्रियाला इजा करते, म्हणजे सफाईवरचे ओझे वाढवते. अमेरिकी शेतकरी व फवारणी करणाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात पॅराक्वाट वापरणाऱ्यांत पार्किन्सन सुमारे अडीचपट आढळला. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही आणि सगळ्या अभ्यासांचा कौलही एकसारखा नाही, हे मान्य. तरी प्रयोगशाळेतला पुरावा त्याच दिशेने बोट दाखवत असताना फवारणाऱ्याने उघड्या अंगाने पंप पाठीवर घ्यावा, हे मला पटत नाही. मराठवाड्यातल्या फवारणी करणाऱ्यांची अशी पाहणी व्हायलाच हवी.

ओसुमींनी यीस्ट उपाशी ठेवले होते, त्याचा आधार घेऊन ‘एकादशी धरा, मेंदू स्वच्छ होईल’ असा प्रचार चालतो. उपाशी उंदरांच्या चेतापेशींत ऑटोफॅजी वाढल्याचे २०१० मध्ये दिसले, हे खरे. पण साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपवास म्हणजे उपासमार नव्हे, आणि पार्किन्सनच्या अनेक रुग्णांचे वजन आधीच उतरत असते. खरी अडचण याहून खोल आहे. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत राल्फ निक्सन यांच्या गटाला २००५ मध्ये अर्धवट पचलेल्या कचऱ्याच्या पिशव्या तंतूंत खच्चून भरलेल्या दिसल्या. घंटागाडी गल्लोगल्ली फिरते आहे, पण डेपोचे फाटक बंद आहे, अशी ही स्थिती. तिथे आणखी गाड्या सोडून उपयोग काय?

म्हणून मला लायसोसोम सुधारण्याचे प्रयत्न अधिक आश्वासक वाटतात. खोकल्याच्या औषधातले ॲम्ब्रोक्सॉल जीबीए-१ च्या विकराला बळ देते. लंडनमधल्या २०२० च्या छोट्या चाचणीत ते मेंदू-मज्जारज्जूच्या द्रवापर्यंत पोहोचले आणि रुग्णांना सोसले. रोग थांबतो का, हे ठरवायला मोठी चाचणी लागते. त्या छोट्या चाचणीतली मात्रा खोकल्यासाठीच्या मात्रेच्या दहापटीहून जास्त होती, तेव्हा घरातल्या बाटलीवर हा प्रयोग कुणी करू नये.