जोयड्याचं पोर आणि दिल्लीतलं फेडरेशन

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा, हल्याळ, यल्लापूर भागातली सिद्दी जमातीची मुलं हेरून त्यांना ॲथलेटिक्समध्ये तयार करायची योजना १९८७ च्या सुमारास सुरू झाली. पुष्कळांना ती ॲथलेटिक्स फेडरेशनची वाटते. नाही! ती भारतीय क्रीडा प्राधिकरणाची, म्हणजे ‘साई’ची. १९९३ मध्ये गुंडाळली, ते मला अजून खटकतं. पुढे २०१५ च्या आसपास पुन्हा हाती घेतली.

साई सरकारी, वसतिगृह, प्रशिक्षक, खुराक तिच्याकडे. १९४६ साली स्थापन झालेलं ॲथलेटिक्स फेडरेशन ऑफ इंडिया वेगळं. वर्ल्ड ॲथलेटिक्सशी संलग्न असल्यानं राष्ट्रीय स्पर्धा, भारतीय संघाची निवड आणि विक्रमांची मान्यता त्याच्या हाती. १०० मीटर धावताना पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असला, तर विक्रम धरत नाहीत. जत्रेतल्या शर्यतीत वारा मोजतो कोण?

म्हणून भारतीय संघापर्यंतची वाट जिल्हा संघटना, मग कर्नाटकची राज्य संघटना, मग दिल्ली अशीच. १४ आणि १६ वर्षांखालच्यांसाठी फेडरेशनची राष्ट्रीय आंतरजिल्हा स्पर्धा असते. तिथं संघ राज्याचा नाही, जिल्ह्याचा! पीटीच्या सरांनो, बाईंनो, उत्तर कन्नडच्या निवड चाचणीवर लक्ष ठेवा. मुलांचे जन्मदाखले आधीच काढून ठेवा, वय तपासतात.