पायातून निघणारी ठिणगी

पुण्याच्या कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथल्या जुन्या सायकली पाहून बाहेर पडलं की मला हमखास आठवते ती लूना, सायकल आणि मोटारसायकल यांच्या मधोमध उभी असलेली. कायनेटिकने १९७२ साली ती अहमदनगरला बनवायला घेतली. नमुना इटलीच्या पियाज्जोच्या मोपेडचा, इंजिन ५० सीसीचं टू-स्ट्रोक, गिअर एकही नाही.

या गाडीतली थक्क करणारी गोष्ट म्हणजे तिच्या ठिणगीला बॅटरीच लागत नाही. स्टँडवर घेऊन पायडल मारलं की इंजिन फिरतं. पिस्टन वर जाताना डोक्यावरचं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खालच्या पेटीत नवं मिश्रण ओढून घेतो. बाजूला चुंबकं कॉइलभोवती फिरत असतात. नेमक्या क्षणी पॉइंट नावाचा छोटा स्विच उघडतो, प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि कॉइलमध्ये हजारो व्होल्ट उसळतात. प्लगच्या टोकाशी ठिणगी! पहिले काही फेरे आपल्या पायांचे, पुढचे इंजिनाचे स्वतःचे. दर फेऱ्याला एक स्फोट; मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० स्फोट.

वर्षानुवर्षं पार्किंगमध्ये पडलेली लूना बहुधा मेलेली नसते. पेट्रोल उडून कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकटा उरलेला असतो, सायलेन्सर कार्बनने तुंबलेला असतो, पॉइंटवर काळा थर चढलेला असतो. पॉइंट पॉलिश पेपरने हलकेच घासायचा, पुसायचा आणि फट फीलर गेजने लावायची; ती अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. ठिणगी निळी पडली की निम्मी लढाई जिंकली. पण क्रँकचं ऑइल सील बदलायला मात्र विसरू नये. टू-स्ट्रोकमध्ये खालची पेटी हवाबंद असावीच लागते; सील सुकलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. सुटे भाग शोधायला नाना पेठ आहेच.

मग टूटी ऑइल मिसळलेलं पेट्रोल भरून नदीकाठच्या डीपी रस्त्याने निघावं. सपाटीवर ती मजेत पळते. महात्मा सोसायटीकडच्या चढाला मात्र दम लागतो, तेव्हा पायडल मारायचं: पेट्रोलचा जोर आणि मांड्यांचा जोर एकाच चाकावर! गाडी बरेच दिवस ठेवायची असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावं. कार्बोरेटर रिकामा होतो आणि जेट पुन्हा चिकटत नाही.