बोका मोरीत बसून राहिला तर

एप्रिलमधली दुपार होती. आमचा बोका सारखा मोरीच्या थंड फरशीवर जाऊन बसत होता. पाठ वाकलेली, शेपटी थरथरती, घशातून बारीक कण्हणे. पोट साफ होत नसेल, थोडे एरंडेल पाजा, असे घरात ठरतही होते. पण फरशीवर गुलाबी पाण्याचा एकच थेंब दिसला. पोटाला हळूच हात लावला, तर आत संत्र्याएवढा टणक गोळा. ते तुंबलेले मूत्राशय होते.

मांजरीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. बोक्याचा लांब, आणि टोकाशी फारच निमुळता. बारीक खडे, चिकट गाळ तिथे अडकला की लघवी थांबते, रक्तातले पोटॅशियम चढते आणि हृदयाची लय बिघडते. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणायचे नाही. गावातल्या पशुवैद्यकाला लगेच दाखवावे. नळी घालण्याची सोय नसेल, तर आमच्या भागातून उमरेडमार्गे नागपूर गाठावे. तिथे सेमिनरी हिल्सवर १९५८ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी दवाखानेही आहेत. निघण्याआधी फोन करावा. वाटेत पोट दाबून लघवी काढायला जाऊ नये. मूत्राशय फुटू शकते. डॉक्टर सलाइन लावतात, हृदय सांभाळतात, गुंगी देऊन बारीक नळीने मार्ग मोकळा करतात. पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर शस्त्रक्रियेने मूत्रमार्गाचे तोंड रुंद करतात.

लघवी होते आहे, पण थेंब थेंब किंवा रक्ताची, तेव्हा आपण लगेच ‘इन्फेक्शन’ म्हणतो. तरुण मांजरात जंतुसंसर्ग क्वचितच सापडतो. दहा वर्षांपुढच्या मांजरात तो जास्त. तरुणपणी बहुतेक वेळा मूत्राशयाला नुसतीच सूज असते, आणि तिच्यामागे मनावरचा ताण मोठा. हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची साफ करण्याच्या जागी, पोती हलू लागली, माणसांची वर्दळ वाढली की उंदरांसाठी पाळलेले मांजरही बावरते. ही सूज बऱ्याचदा आठवडाभरात आपोआप ओसरते आणि श्रेय मिळते अँटिबायोटिकला. लघवी तपासल्याशिवाय ते देऊ नये.

घरातली औषधे तर नकोच. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. माणसांच्या लघवीची जळजळ थांबवणारे सिरप लघवी अल्कधर्मी करते, आणि मांजरांत नेहमी आढळणारे स्ट्रुव्हाइटचे खडे नेमके अल्कधर्मी लघवीतच धरतात. हे खडे डॉक्टरांनी दिलेल्या खास आहाराने काही आठवड्यांत विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. म्हणून खडा कोणता हे कळल्याशिवाय आहार बदलून उपयोग नाही.

मांजराचे पूर्वज वाळवंटातले. शिकारीच्या मांसातूनच त्यांची पाण्याची गरज भागायची. तहान कमी, लघवी घट्ट. अशा प्राण्याला विदर्भाच्या उन्हाळ्यात आपण कोरडे दाणे घालतो. त्यांत पाणी जेमतेम दहा टक्के, पाउचमधल्या ओल्या खाण्यात पाऊणहून अधिक. परवडेल तेवढे ओले द्यावे, दाण्यांत कोमट पाणी घालावे. दूध-पोळीवर वाढवलेल्या मांजराला पुरेसे मांस मिळत नाही, अन्नातल्या धान्याने लघवी अल्कधर्मी होते, आणि मोठ्या मांजराला दूध अनेकदा पचतही नाही. चिकन उकडलेले पाणी चालते. त्यात मीठ, तिखट, कांदा, लसूण नको. मात्र नुसत्या चिकनवर ठेवले तर कॅल्शियम कमी पडते.

आमच्या घरी आता पाण्याची तीन पसरट मातीची भांडी आहेत, एक माठाशेजारी, एक जिन्यात, एक कूलरजवळ. जेवणाच्या ताटलीजवळ एकही नाही, कारण तिथले बोका पीत नाही. वाळूची घमेली दोन केली. रोज सकाळी वाळू चाळताना ओले गोळे मोजते. दोन-तीन निघाले की दिवस सुरू होतो. एकही नसला, तर चहा ठेवण्याआधी बोक्याला शोधते.