रेषेचा छापील प्रवास

मुखपृष्ठे रंगीत असली तरी जुन्या मराठी मासिकांच्या आतल्या पानांवरची चित्रे बहुधा काळ्या रेषांचीच असत. कारण छपाईत होते. ही पाने शिशाच्या खिळ्यांनी छापली जात. छपाईच्या यंत्राला शाई लागणारा भाग आणि कोरा भाग एवढेच कळे. करडी छटा त्याला उमटवता येत नसे. फोटोसाठी बारीक ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक लागे, आणि तो साध्या कागदावर काळवंडे. रेखाचित्राचा ब्लॉक सोपा असे. मूळ चित्राचा फोटो काढून तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवत, आम्लाने रेषांमधली मोकळी जागा खोदून काढत आणि ब्लॉक खिळ्यांशेजारीच बसवत. मूळ चित्र छपाईपेक्षा मोठे काढण्याची पद्धत होती. लहान करताना दाट रेषा मिसळून डाग पडू शकतो, म्हणून मध्ये जागा सोडावी लागे.

या बंधनातून किती मोठी कला उभी राहिली, ते कळण्यासाठी व्यंगचित्रकार वसंत सरवटे यांच्याकडे पाहावे. कोल्हापुरात १९२७ साली जन्मलेले सरवटे पेशाने इंजिनिअर होते. ‘ललित’ मासिकातल्या जयवंत दळवींच्या सदरासाठी त्यांनी हातोडा घेतलेला ठणठणपाळ काढला, आणि वाचकांसाठी लेखकाच्या या टोपणनावाला चेहरा मिळाला. माझ्या मते त्यांचे खरे सामर्थ्य रेषा थांबवण्यात आहे: अर्धवट सोडलेली भिंत किंवा खुर्ची वाचक स्वतःच पुरी करतो. शिकणाऱ्याने आधी तेच न्याहाळावे.