बिऱ्हाड हलवायचं, की नुसती नोकरी?

दुसऱ्या गावात जास्त पगाराची नोकरी मिळाली तर घरदार घेऊन जावं का, हा प्रश्न यंदा आमच्या घरात आला. पप्पा अठरा वर्षं उद्यमबागच्या एका फाउंड्रीत क्वालिटी सुपरवायझर आहेत. त्यांना चाकणच्या एका कारखान्याकडून ऑफर आली. बेळगाव ते पुणे साधारण 340 किलोमीटर, रात्री बसमध्ये बसलं की सकाळी पोचतो. पण रोज जाऊन-येऊन करायचं अंतर नव्हे. म्हणजे एकतर सगळे जायचे, नाहीतर एकटे पप्पा, नाहीतर कोणीच नाही.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांच्या घरी हा प्रश्न येऊन गेलाय. जे यंदा शेवटच्या वर्षात आहेत, त्यांच्यापुढे तो आज ना उद्या येणारच. म्हणून आम्ही तो कसा सोडवला, ते इथं सविस्तर लिहिते. मी साहित्याची विद्यार्थिनी, आकड्यांशी माझं फारसं सख्य नाही. तरी वही-पेन घेऊन बसल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली: पगार किती वाढतो यापेक्षा आपल्यासोबत काय येतं आणि काय मागे राहतं, हे आधी बघावं लागतं.

ऑफरमधला पगार आणि हातातला पगार

ऑफर लेटरवर वर्षाला 8 लाख 40 हजार लिहिलं होतं. म्हणजे महिना सत्तर हजार! सध्या पप्पांच्या हातात 36 हजार येतात. आजीने तर लगेच देवाचे आभार मानले.

पण तो आकडा सीटीसी असतो, म्हणजे कंपनीला तो माणूस वर्षाला कितीला पडतो ते. पप्पांचा मूळ पगार त्यात 35 हजार धरलाय. त्यावर कंपनी स्वतःच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ भरणार, 4,200 रुपये. ग्रॅच्युइटीसाठी 4.81 टक्के, म्हणजे 1,683. पाच हजार रुपये ‘व्हेरिएबल’, जे वर्षाच्या शेवटी कामगिरी बघून मिळणार. शिवाय पप्पांच्या वाट्याचा पीएफ 4,200 आणि प्रोफेशनल टॅक्स 200. हे सगळं वजा केलं की महिन्याला हातात साधारण 54,700 राहतात. वाढ आहेच, पण दुप्पट नाही. पीएफ काही वाया जात नाही, तो आपलाच पैसा असतो. पण घरभाडं त्यातून देता येत नाही.

दुसऱ्या पगाराचं काय?

खरी गोम इथं आहे. मम्मी एका खाजगी शाळेत शिकवते. तिचा पगार 14 हजार. घर बदलायची चर्चा सुरू झाली की हा पगार सगळे गृहीत धरतात, नाहीतर विसरतात. आमच्याकडे पहिल्या दिवशी तेच झालं. काका म्हणाले, “तिला काय, तिथं पण शाळा हाईतच की!” शाळा आहेत, पण नोकरी आपोआप मिळत नाही. वर्षाच्या मध्ये तर नाहीच.

मग आम्ही चार हिशेब मांडले. आकडे आमच्या घरचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

सध्या: दोघांचे मिळून 50 हजार, खर्च 30 हजार, घर स्वतःचं. शिल्लक 20 हजार.

सगळे पुण्याला, मम्मीला नोकरी नाही: आवक 54,700. खर्च तेच 30 हजार, त्यावर भाडं 18 हजार आणि जादा फी-प्रवास 5 हजार, म्हणजे 53 हजार. शिल्लक 1,700.

सगळे पुण्याला, मम्मीला 18 हजारांची नोकरी आणि बेळगावचं घर 9 हजारांना भाड्याने: शिल्लक 28,700.

पप्पा एकटे पुण्याला: आवक 68,700. इथला खर्च 26 हजार, तिथली खोली, मेस आणि जाणं-येणं 13 हजार, पंधरा दिवसांनी घरी यायचं बसभाडं 3 हजार. शिल्लक 26,700.

दुसरी आणि तिसरी ओळ एकमेकींशेजारी ठेवून बघा. पप्पांचा पगार दोन्हीकडे तोच आहे. फरक पडतो तो मम्मीच्या नोकरीने आणि इथल्या घराच्या भाड्याने. ज्या नोकरीला आपण ‘जोडधंदा’ समजत होतो, तिच्यावरच सगळा निर्णय उभा होता.

काय सोबत येतं, काय येत नाही

सोबत येणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. पीएफचा यूएएन नंबर नोकरी बदलली तरी तोच राहतो. जुनं खातं नव्यात ट्रान्सफर करून घ्यायचं, मध्येच पैसे काढायचे नाहीत. कारण पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी मोजली जाते आणि पाच वर्षांच्या आत पैसे काढले तर कर लागू शकतो. गॅस कनेक्शन बदलून मिळतं. ज्यांचं रेशन अन्नसुरक्षा योजनेत आहे, त्यांना दुसऱ्या राज्यातही धान्य उचलता येतं.

काही गोष्टी अर्ध्याच येतात. ग्रॅच्युइटी बघा: पप्पांचा सध्याचा मूळ पगार 20 हजार. पंधरा दिवसांचा पगार गुणिले अठरा वर्षं, भागिले 26 या सूत्राने त्यांना साधारण 2 लाख 7 हजार मिळतील. पण नव्या कंपनीत मोजणी शून्यापासून. कायम नोकरीत हक्क लागायला पुन्हा पाच वर्षं. गाडीचंही तसंच. आमची केए-22 पासिंगची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात ठेवायची तर तिथं पुन्हा नोंदणी आणि रोड टॅक्स आला.

आणि काही गोष्टी येतच नाहीत. माझा भाऊ यंदा दहावीत आहे. कर्नाटकात सीईटीतून सरकारी कोट्याची सीट हवी असेल तर सर्वसाधारण नियम असा, की पहिली ते बारावीत किमान सात वर्षं शिक्षण कर्नाटकात झालेलं हवं आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा इथून पास झालेली हवी. त्याची शाळेची वर्षं भरलीत. एसएसएलसी इथं दिली की हा हक्क त्याच्याकडे राहतो, मग पुढचं शिक्षण पुण्यात का होईना. मार्चआधी हललो तर ते दार बंद व्हायची भीती. महाराष्ट्रात डोमिसाईलसाठी पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, ते तर आमच्याकडे नाहीच. सीमाभागातल्या मराठी भाषक मुलांसाठी महाराष्ट्राने वेगळी तरतूद ठेवलीय, पण तीही इथल्या शिक्षणाशी जोडलेली आहे. म्हणून हलण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचायलाच हवं.

भाषेचा मुद्दाही आहे. भाऊ घरात मराठी बोलतो, पण शाळेत कन्नड शिकला. मराठी वाचतो अडखळत, लिहितो त्याहून अडखळत. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने शाळेत मराठी सक्तीची आहे. ऐन दहावीत त्याला त्यात ढकलणं आम्हाला पटलं नाही.

शेवटची गोष्ट आजी. तिचं सगळं आयुष्य चर्चच्या आसपासच्या चार गल्ल्यांत आहे. औषध आणून देणारा शेजारचा पोरगा, रोझरीच्या बायका, रविवारची मिस्सा. पुण्यातही चर्च आहेत, मराठीत मिस्साही होते. पण तिला नावाने ओळखणारी माणसं नव्या पॅरिशमध्ये एका वर्षात तयार होत नाहीत.

एकट्याने जायचं तर

कागदावर चौथा हिशेब सोपा दिसतो. आपल्याकडे त्याची मोठी परंपराही आहे. गोव्याचे लोक मुंबईला जायचे तेव्हा धोबीतलाव, माझगाव भागात गावागावांचे ‘कूड’ होते. बोटीवर काम करणारे, आचारी, वाजंत्री तिथं एकत्र राहायचे, संध्याकाळी एकत्र प्रार्थना म्हणायचे. घर गावात. कोकणातल्या आणि घाटावरच्या गिरणी कामगारांचंही तेच. खोलीत दाटीवाटीने राहायचं, खानावळीत जेवायचं, गावाला मनीऑर्डर करायची. त्यांना जेवू घालणाऱ्या बायकांची संघटना म्हणून 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. या पद्धतीचा फायदा होता: 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला, तेव्हा कित्येकांना परतायला गावचं घर तरी होतं.

तोटा काय, ते मम्मीने सांगितलं. तिचे वडील बोटीवर होते. ती म्हणाली, “वर्षातून एकदा यायचे. चॉकलेटं आणायचे. मला ते पाहुणेच वाटायचे. ‘थोडे दिवस’ म्हणून गेले होते, रिटायर होऊनच परत आले.” यावर कोणी काही बोललं नाही. पण त्यानंतर चर्चा बदलली. एकट्याने जाण्यातला धोका अंतराचा कमी आणि तारीख न ठरवण्याचा जास्त असतो, हे आम्हाला कळलं.

म्हणून आमचा निर्णय असा झाला: पप्पा सध्या एकटे जातील. भावाची एसएसएलसी मार्चमध्ये संपेल, तोवर त्यांचं सहा महिन्यांचं प्रोबेशनही संपलेलं असेल. नोकरी पक्की होण्याआधी घर हलवायचं नाही आणि इथलं घर विकायचं तर मुळीच नाही. तोवर मम्मी पुण्यातल्या शाळांना अर्ज करेल. 31 मेला पुन्हा सगळे बसणार. मम्मीला नोकरी लागली आणि आजी तयार झाली, तर बिऱ्हाड हलेल. नाही झालं, तर पप्पा बेळगावात काम शोधायला लागतील, मग पगार थोडा कमी का असेना. हे सगळं कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्यात. आजीनेही केली, पण तयार होईन असं तिने अजून म्हटलेलं नाही.

तुमच्या घरी हा प्रश्न आला तर आधी ऑफरमधला पगार हातातल्या पगारात बदलून बघा. मग घरातल्या दुसऱ्या कमाईचं काय होणार ते विचारा. मुलांच्या परीक्षेचं आणि कोट्याचं वर्ष तपासा. आणि कोणी एकट्याने जायचं ठरलं, तर परत एकत्र येण्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. या बैठकीला घरातल्या सगळ्यांना बसवा, म्हाताऱ्यांना आणि शाळेतल्या पोरांनाही. आमच्या घरी सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी पगार आणणाऱ्या माणसाने काढल्याच नव्हत्या. सीईटीचा नियम भावाने शोधला आणि तारखेची अट मम्मीने घातली.