ऐतखाऊ पेशी आणि बहुपेशीयत्वाचा उगम

बहुपेशीय जीव एकपेशीय पूर्वजांपासून उत्क्रांत झाले, हे सर्वमान्य आहे. परंतु स्वतंत्रपणे वाढू शकणाऱ्या पेशीने समूहासाठी झीज का सोसावी, याचे उत्तर तितके सोपे नाही. अशी पेशी स्पर्धेत मागे पडावी, हेच नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाप्रमाणे अपेक्षित होय. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या जीवाणूवरील प्रयोगांनी या कोड्यावर प्रकाश टाकला आहे.

हा जीवाणू पोषक द्रवाच्या नलिकेत न हलविता वाढविला असता द्रवातील प्राणवायू लवकरच खर्ची पडतो व केवळ पृष्ठभागाशी उपलब्ध राहतो. रेनी व ट्रॅव्हिसानो यांनी १९९८ मध्ये दाखविले की, अशा परिस्थितीत मूळच्या गुळगुळीत प्रकारापासून सुरकुतलेल्या वसाहती करणारे नवे प्रकार उत्परिवर्तनाने उद्भवतात. त्यांच्या पेशी सेल्युलोजयुक्त चिकट द्रव्य विपुल प्रमाणात स्रवतात. त्यामुळे विभाजनानंतर कन्यापेशी विलग होत नाहीत आणि दुधावरील सायीप्रमाणे एक थर द्रवावर तरंगू लागतो. द्रव्यनिर्मितीचा भार प्रत्येक पेशीवर पडतो; प्राणवायूचा लाभ मात्र सर्वांस होतो.

येथेच संकट उद्भवते. द्रव्य न स्रवणाऱ्या गुळगुळीत पेशी थरात पुन्हा निर्माण होतात, आयता लाभ घेऊन वेगाने वाढतात आणि थर दुर्बल करतात; अखेर तो बुडतो. सहकाराच्या यशातूनच त्याचा विनाश संभवतो, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

हॅमरश्मिट व तिच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या ऐतखाऊ पेशींकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. थर बनविण्यास असमर्थ असलेल्या या पेशी सुट्या राहतात. म्हणून नव्या नलिकेत नवा थर सुरू करणारे बीज म्हणून त्यांचा उपयोग करण्यात आला. असे बीज न देणारे थर नष्ट होत व त्यांची जागा इतर थरांची संतती घेई. या चक्रात थर हा देह आणि ऐतखाऊ पेशी ही जननपेशी ठरते. अनेक पिढ्यांनंतर समूहाची प्रजननक्षमता वाढली, तर सुट्या पेशींची घटली. ज्या मालिकेत ऐतखाऊंना वगळले होते, तीत मात्र असा वियोग घडला नाही.

नलिकांची रचना व थरांची निवड प्रयोगकर्त्यांनी केली होती; निसर्गातील उत्क्रांती याच मार्गाने झाली, असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि सहकारामुळे समूह टिकला तरी तेवढ्याने तो एक जीव होत नाही. त्यास स्वतःची संतती असावी लागते, हे यावरून स्पष्ट होते.