आकाशातील पाभर

फोटो म्हटला की एक खटका आणि एका क्षणात उमटलेले सारे चित्र, अशीच आपली कल्पना असते. जमिनीची पाहणी करणाऱ्या पुष्कळ उपग्रहांतील कॅमेरे मात्र चित्र असे एकदम घेत नाहीत, ते ओळीओळीने पेरीत जातात. पेरीत म्हणण्याचे कारण, भूगोलाच्या तासाला हे ऐकताना मला आमची पाभर आठवली.

१९७२ साली अमेरिकेने सोडलेल्या लँडसॅट-१ मध्ये एक आरसा सतत डावी-उजवीकडे झुलत असे. हाताने बी फोकावे, तशी ती रीत. १७ मार्च १९८८ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील बैकानूर येथून सुटलेल्या आपल्या आय.आर.एस.-१ए च्या लिस-१ कॅमेऱ्यात झुलणारे काही नव्हते. पाभरीचे फण जसे शेजारी शेजारी, तशी प्रकाश टिपणाऱ्या २०४८ सूक्ष्म घटकांची सरळ ओळ, उपग्रहाच्या वाटेला आडवी. प्रत्येक घटक जमिनीचा साडेबहात्तर मीटरचा चौकोन पाही. सारे मिळून सुमारे १४८ किलोमीटरचा पट्टा. घटकावर प्रकाश पडला की विद्युत्भार साठतो, तो मोजून आकडा होतो, की लगेच पुढची ओळ. बैलांचे काम येथे उपग्रहाची गतीच करते. जमिनीच्या हिशेबाने ती सेकंदाला सुमारे साडेसहा किलोमीटर, म्हणजे सेकंदाला नव्वदेक ओळी!

झुलत्या आरशाला एका जागी नजर ठरवायला फारच थोडा वेळ मिळतो. येथे प्रत्येक घटकाला त्याहून पुष्कळ अधिक. पण पाभरीचा दोषही याला आहेच. एक नळी तुंबली की ते तास रिकामे जाते. तसा एक घटक बिघडला की चित्रभर रेघ ओढली जाते.

आमचे रान दोन एकर. हिशेब केला, तर लिस-१ च्या चित्रात ते दीड ठिपका भरले. त्यातही बांधापलीकडचा ऊस आमच्या ज्वारीत मिसळणार, आणि येणारा आकडा ना त्यांचा ना आमचा. पीक बुडाल्याची पाहणी वरून करायची, तर लहान शेतकऱ्याची अडचण ही अशी आहे. २०११ साली सोडलेल्या रिसोर्ससॅट-२ वरील लिस-४ चा ठिपका ५.८ मीटरचा, त्यात आमच्या रानाचे सुमारे २४० ठिपके होतात. मात्र बारा हजार घटकांची ओळ असूनही पट्टा उरतो सत्तरच किलोमीटरचा.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे शिकलेले घरी सांगावे लागते. हे सारे ऐकून आबांनी एवढेच विचारले, "आपली हीर दिसंल का त्यात?" वीस फुटी विहीर म्हणजे जेमतेम एक ठिपका, तोही नेमका तिच्यावर पडला तर. नाहीतर चार ठिपक्यांत वाटली जायची.